टॉवेलवाले भाऊ

भाऊ एका जागी स्वस्थ उभे आहेत, अशी आठवण शोधायला गेलं तर मला सापडत नाही. रेशनच्या रांगेतसुद्धा त्यांचा डावा पाय पुढे, उजवा मागे, टाचा किंचित उचललेल्या. रांग सरकली नाही तर ते स्वतःच पुढे-मागे सरकत राहायचे. मागच्या बायका वैतागायच्या.

"अवो भाऊ, मुंग्या चावत्यात का पायाला?"

"मावशी, थांबलेल्या माणसाला समदंच चावतं," भाऊ म्हणायचे आणि पुन्हा सरकायचे.

जेवणही उभ्यानं. भाकरी डाव्या हातावर, कालवण वाटीत, वाटी खिडकीच्या कट्ट्यावर. एक घास खायचा, खिडकीपासून दारापर्यंत जायचं, परत यायचं, दुसरा घास. त्यांच्याबरोबर जेवायला बसलं की आपलंही अन्न नीट खाली उतरायचं नाही. गळ्यात कायम एक पांढरा टॉवेल. तो खरं तर पांढरा उरला नव्हता, पण ते त्याला पांढराच म्हणायचे.

या अस्वस्थपणाचं कारण त्यांनी एकदा सांगितलं होतं. त्यांनी पंचवीसेक वर्षं खंडाळ्याच्या घाटात रेल्वेच्या रुळांवरून चालायची नोकरी केली. खांद्यावर हातोडा आणि पाना घ्यायचा, रोजचा ठरलेला पल्ला चालायचा आणि रुळाच्या सैल झालेल्या चाव्या, म्हणजे लोखंडी पाचरी, ठोकून घट्ट करायच्या. "रुळावर उभं ऱ्हायलं की मागनं गाडी येती," ते म्हणाले. "आन गाडी हाक मारून येत न्हाई. रिंगमधी बी तसंच." त्याच नोकरीत ते रेल्वेच्या संघाकडून बॉक्सिंग खेळले. निवृत्तीनंतर खंडाळ्यातल्या एका बंगल्याची राखण करू लागले. मालक शुक्रवारी संध्याकाळी यायचे आणि रविवारी जायचे. सोमवार ते गुरुवार बंगल्याचं पार्किंग हीच आमची बॉक्सिंगची शाळा. मालकांना ते ठाऊक होतं. त्यांची अट एकच होती, शुक्रवारी गाड्या लावायच्या आत तिथे काही लटकताना दिसता कामा नये.

माझी आई दर सोमवारी त्या बंगल्यात झाडलोट करायला जायची. आम्ही लोणावळ्याजवळ औंढ्याच्या बाजूला राहतो. अकरावीत असताना एकदा मी तिच्या मदतीला गेले. पार्किंग झाडताना ताडपत्रीचं एक जाड पोतं छताला टांगलेलं दिसलं. ते मध्ये येत होतं म्हणून मी हातानं बाजूला ढकललं. ते गेलं आणि परत येऊन माझ्या खांद्यावर आदळलं. मी पुन्हा ढकललं, ते पुन्हा आलं. मागून आवाज आला, "त्याला ढकलू नगं पोरी. ढकललेलं परत येतंच. मार त्याला."

मी मारलं. मनगट असं दुखलं की डोळ्यांत पाणी आलं. भाऊ माझ्याभोवती एक चक्कर मारून आले, मनगट दाबून पाहिलं आणि म्हणाले, "मूठ बरी हाय. मनगट मोडकं हाय. उद्या ये."

आई म्हणाली, "भाऊ, पोरीची जात हाय, नाक-बिक मोडलं तर?"

"वैनी, नाक सांभाळायलाच तर शिकिवतो मी. मारायचं काय, कुणीबी मारतं."

आणि खरंच, पहिले तीन महिने त्यांनी मला एकही ठोसा मारू दिला नाही. शिकवलं ते फक्त उभं राहायला, म्हणजे त्यांच्या भाषेत, न थांबता उभं राहायला. डावा पाय आधी हलतो, उजवा त्याच्या मागे येतो. पाय एकमेकांना ओलांडत नाहीत. हनुवटी खाली. हनुवटी खाली राहावी म्हणून ती आणि छाती यांच्यामध्ये लिंबू धरायला लावायचे आणि तसंच पार्किंगभर फिरवायचे. लिंबू पडलं की ते तिथेच कापून, मीठ न लावता, चोखून संपवायचं. आम्ही पाच-सहा मुलं होतो. पहिल्या पावसाळ्यात आमचे दात इतके आंबले की भाकरी चावता येईना. मी कॉलेजात मैत्रिणींशी बोलतानाही हनुवटी खाली धरून बोलू लागले. त्यांना वाटलं, ही भलतीच लाजाळू झाली.

मग हात. हात गेला तितक्याच वेगानं परत गालाशी आला पाहिजे. "हात घरी आण," हे वाक्य मी दिवसातून शंभर वेळा ऐकलं असेल. जुलै-ऑगस्टमध्ये पार्किंगमध्ये धुकं शिरायचं. स्वतःची मूठ दिसायची नाही, अशा वेळी ते मुद्दाम हवेत ठोसे मारायला लावायचे. "दिसतंय तवर डोळा फसवतो. आता हाताला ठाऊक पायजे त्याचं घर कुटं हाय."

त्यांची एक शिकवण मला पुढे रिंगच्या बाहेर जास्त उपयोगी पडली. सरावात मार बसला की मुलं तक्रार करायची, "भाऊ, यानं मला तीन मारले." भाऊ विचारायचे, "मोजत हुतास व्हय? मोजू नगं. कुठनं आला ते बघ." ऑफिसात कुणी लागेल असं बोललं की आजही मी आधी तेच पाहते. किती लागलं ते नंतर. बोलणं आलं कुठून?

पण त्यांचं नाव झालं होतं ते यातल्या कशामुळेही नाही. ते झालं होतं टॉवेलमुळे.

बॉक्सिंगमध्ये आपल्या खेळाडूला फार मार बसतोय असं वाटलं, तर कोपऱ्यातला प्रशिक्षक रिंगमध्ये टॉवेल टाकतो. लढत तिथेच थांबते आणि आपला खेळाडू हरतो. इतर प्रशिक्षक वर्षातून एखाद्या वेळी टॉवेल टाकत असतील. भाऊ जवळजवळ प्रत्येक स्पर्धेत टाकायचे. आमच्यातला एक मुलगा तालुक्याच्या स्पर्धेत चक्क जिंकत असताना त्यांनी टॉवेल टाकला. मुलगा रडत खाली उतरला.

"भाऊ, मी पुढं होतो!"

"गुणांत पुढं हुतास. डोळं मागं ऱ्हायलं हुतं तुझं. दोन ठोसे उशिरा बघितलेस."

"दोनच ना!"

"तिसरा बघितला नसतास."

समोरच्या कोपऱ्यातला प्रशिक्षक मोठ्यानं म्हणाला, "टॉवेलवाले, घाम पुसायला एखादा ठेवा की जवळ!" सगळा हॉल हसला. भाऊंनी टॉवेल उचलला, झटकला आणि परत गळ्यात टाकला. घरी येताना जीपमध्ये एवढंच म्हणाले, "पोरं आईकडनं जशी आणली, तशी परत नेऊन द्यायची. पदक काय, टपरीवर बी मिळतं."

या टॉवेलचीच मला सगळ्यात जास्त भीती वाटायला लागली, ती बी.ए.च्या शेवटच्या वर्षी.

माझी हजेरी कमी भरली होती. पावसाळ्यात घरच्या भाताच्या लावणीत पंधरा-वीस दिवस गेले होते, पण खरं कारण रोजचं होतं. पहाटेचा सराव आटोपून लोणावळ्याला कॉलेजात पोहोचेपर्यंत सव्वासातचा पहिला तास संपलेला असायचा. आमच्या घरात माझ्याआधी कुणी दहावीच्या पुढे गेलेलं नव्हतं. वस्तीतल्या विहारात बसून मी अभ्यास करायचे, तेव्हा म्हाताऱ्या बायका मुद्दाम आवाज न करता झाडून जायच्या. आणि आता प्राचार्य मॅडम सांगत होत्या, परीक्षेला बसता येणार नाही.

कॉलेजच्या क्रीडाशिक्षकांनी एक वाट काढली. कॉलेजकडून स्पर्धा खेळणाऱ्यांची हजेरी भरून देता येते. पुण्यात आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा होती, तिथे खेळायचं. मॅडम तयार झाल्या, पण एका अटीवर. आदल्या वर्षी एका मुलानं नुसतं नाव नोंदवून, रिंगमध्ये पाय न ठेवता हजेरी उकळली होती. त्यामुळे मॅडम म्हणाल्या, "जिंकलीच पाहिजेस असं नाही. पण 'लढत पूर्ण केली' असा शेरा आण. मध्येच सोडून आलीस, तर मी सही करणार नाही."

मी हे भाऊंना सांगितलं, तेव्हा ते पोत्यात तूस भरत होते. भाताचं तूस. आमचं पोतं त्यानंच भरलेलं असायचं. ते हातातलं सोडून तरातरा फाटकापर्यंत गेले आणि परत आले.

"माज्यामुळं पयला तास बुडत हुता तुजा? रोज?"

"भाऊ, तसं नाही..."

"मला का न्हाई सांगितलंस? मी काय येडा हाय? संध्याकाळी घेतली नसती का तालीम?"

मी घाबरत विचारलं, "भाऊ, टॉवेल...?"

ते पुन्हा फाटकापर्यंत गेले.

मला अठ्ठेचाळीस किलोच्या गटात खेळायचं होतं. दर गुरुवारी आम्ही तूस आणायला भाताच्या गिरणीवर जायचो, आणि तिथल्याच मोठ्या काट्यावर भाऊ आमची वजनं करायचे. एकेकाला पोत्यासारखं उभं करायचं आणि हमालानं आकडा ओरडायचा. स्पर्धेच्या आदल्या दिवशी माझं वजन भरलं सत्तेचाळीस किलो नऊशे. भाऊ खूश. म्हणाले, "रात्री भाकरी खा. मस्त झोप."

पुण्यात सकाळी वजन झालं. तिथल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर आकडा आला, अठ्ठेचाळीस किलो पाचशे.

मी उतरले, पुन्हा चढले. तोच आकडा. केसांतल्या पिना काढल्या, बांगडी काढली. तोच आकडा. टेबलामागचे गृहस्थ म्हणाले, "ताई, पिनेनं अर्धा किलो जात नाही."

भाऊ चिडले. "तुमचा काटा खराब हाय. काल माझ्या डोळ्यांदेखत केलंय वजन!"

"कुठल्या काट्यावर, काका?"

"गिरणीच्या!"

त्या गृहस्थांना त्यात काही विशेष वाटलं नाही. पण तो शब्द तोंडातून बाहेर पडताच भाऊंचा चेहरा बदलला. ते स्वतः काट्यावर चढले. गिरणीवर ते चौसष्ट किलो भरायचे. इथे चौसष्ट आठशे भरले.

आमच्याकडे एक जुना विनोद आहे. गिरणीवर चाळीस किलोचं पोतं न्यावं तर काट्यावर साडेएकोणचाळीसच भरतं. उरलेला अर्धा किलो गिरणीचा उंदीर खातो, असं सगळे म्हणतात आणि हसतात. मीही लहानपणापासून हसत आले होते. गावातल्या प्रत्येकाचं भात वर्षानुवर्षं कमी दाखवणाऱ्या त्याच काट्यावर आम्ही दर गुरुवारी ऐटीत उभे राहत होतो, आणि कमी भरलो म्हणून खूश होत होतो. माझा अर्धा किलोही त्याच उंदरानं खाल्ला होता.

वजनाची वेळ संपायला तास उरला होता. आजूबाजूला इतर कॉलेजच्या मुली प्लास्टिकचे रेनकोट घालून जिन्यावर वर-खाली धावत होत्या. घाम गाळून, थुंकून अर्धा किलो उतरवणं अशक्य नव्हतं. पण भाऊंना त्याचा तिटकारा होता. तरुणपणी त्यांनी एकदा दोन दिवस पाणी न पिता वजन उतरवलं होतं आणि रिंगमध्ये गेल्यावर, त्यांच्याच शब्दांत, "पाय माझं ऱ्हायलं न्हवतं." दुसरी वाट म्हणजे वरच्या गटात, एक्कावन्न किलोत जाणं. आमच्या कॉलेजची ती जागा रिकामीच होती. फक्त त्या गटात पहिल्याच लढतीत गाठ पडणारी मुलगी माझ्याहून वीतभर उंच होती आणि मागच्या वर्षी तिनंच तो गट जिंकला होता.

भाऊ माझ्यासमोर उभे राहिले. पाय चालूच. पुढे, मागे, पुढे.

"दोन दारं हायेत. घाम काढायचा न्हाईतर वर जायचं. तू सांग."

मला कळेचना. चार वर्षांत त्यांनी मला एक गोष्ट विचारली नव्हती. लिंबू किती चोखायचं हेसुद्धा तेच सांगायचे.

"तुम्ही सांगा ना भाऊ."

"डिग्री कुणाची हाय? तूच सांग."

मी हिशेब केला. धावून अर्धा किलो उतरला नाही तर रिंगच मिळणार नाही. वरच्या गटात रिंग नक्की मिळेल. "वर जाते," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली आणि मला केळं आणायला गेले. बराच वेळ आले नाहीत. आले तेव्हा हातात अर्धा डझन केळी होती आणि ती तशीच हातात राहिली.

त्या लढतीचं वर्णन करण्यासारखं माझ्याजवळ थोडंच आहे. पहिल्या फेरीत मी पायांवर वाचले. ती मारायची तिथे मी नसायचे. दुसऱ्या फेरीत तिला माझे पाय समजले. तिच्या उजव्या हाताचा एक ठोसा माझ्या डाव्या कानावर बसला आणि हॉलमधला आवाज बंद झाला. पंचांनी लढत थांबवून आकडे मोजायला सुरुवात केली; दहाच्या आत मी सावरले नाही तर लढत तिथेच संपणार होती. त्यांचे ओठ हलताना दिसत होते. मी मात्र त्यांच्याकडे पाहतच नव्हते. माझं लक्ष आमच्या कोपऱ्याकडे होतं. टॉवेल येतो का, एवढंच. मार मी तेव्हा विसरले होते.

भाऊ स्टुलावर बसले होते.

आधी मला वाटलं, मार लागल्यामुळे चुकीचं दिसतंय. ते बसले होते, आणि हलत नव्हते. गळ्यात टॉवेल नव्हता. दोन्ही हातांनी स्टुलाच्या कडा घट्ट धरल्या होत्या. आणि मांडीखालून, स्टुलाच्या बाजूनं, टॉवेलचं टोक लोंबत होतं. ते त्यावर बसले होते.

पंचांनी आठ मोजले. मी हात वर करून दाखवले. लढत पुन्हा सुरू झाली.

दोन फेऱ्यांच्या मध्ये कोपऱ्यात गेले, तेव्हा त्यांनी मला स्टूल दिलं, चूळ भरायला पाणी दिलं, ओठातलं रक्त पुसलं. बोलले मात्र काहीच नाही. मी वाट पाहत होते, निदान 'हात घरी आण' तरी म्हणतील. घंटा झाली, मी उठले. मागे वळून पाहिलं तर ते टॉवेल घडी करून पुन्हा स्टुलावर ठेवत होते, बसायला.

तिसरी फेरी संपली तेव्हा मी उभी होते. हरले, पाचही पंचांनी तिलाच गुण दिले. क्रीडाशिक्षकांनी शेऱ्याचा कागद आणला. भाऊ सातवीपर्यंत शिकलेले, पण इंग्रजी त्यांना वाचता यायचं नाही. त्यांनी सरांना तो मोठ्यानं वाचायला लावला, अर्थ सांगायला लावला, मग पुन्हा एकदा वाचायला लावला.

बाहेर पायरीवर मी विचारलं, "भाऊ, तुम्ही एक शब्द का नाही बोललात?"

ते आता परत येरझाऱ्या घालत होते. "तोंड उघडलं असतं तर एकच शब्द आला असता."

"कुठला?"

"बास."

त्यांनी त्या दिवशी बरोबर केलं का, हे मला आजही ठरवता येत नाही. थंडीत माझा डावा कान अजून वाजतो. मी आता तळेगावच्या एका कंपनीत प्रशिक्षण विभागात आहे, नव्या मुलांना शिकवते, आणि कुणी थकलेलं दिसलं की थांबवावं का चालू द्यावं, हा प्रश्न रोज समोर येतो. डिग्री नसती तर मी इथे नसते. कान गेला असता तर? हे दोन विचार एकत्र येतात आणि मला एका जागी बसू देत नाहीत. भाऊंना विचारलं असतं तर त्यांनाही सांगता आलं नसतं. आईकडून आणली तशी परत नेऊन द्यायची, हा त्यांचा एकमेव नियम त्यांनी माझ्यासाठी मोडला होता, आणि त्याची त्यांना किती लाज वाटत होती ते मी त्याच संध्याकाळी पाहिलं.

ते मला घरापर्यंत सोडायला आले. आईनं दारातच माझं तोंड हातात धरून उजेडाकडे फिरवलं. वरचा ओठ सुजून नाकाला टेकला होता.

"जितलीस का?"

"नाही गं. पण परीक्षेला बसायला मिळालं."

आईनं भाऊंकडे पाहिलं. "म्हंजी? परीक्षेला बसाया समद्याच पोरींना येवढा मार खावा लागतो?"

"न्हाई वैनी," भाऊ अंगणातून म्हणाले. आत यायला ते तयार नव्हते. "हिचं वजन चुकलं. थोराड पोरीसंगं गाठ पडली."

"वजन कुणी चुकिवलं?"

"मी. गिरणीच्या काट्यावर केलतं."

आईनं कपाळावर हात मारला. "अवो, त्यो काटा खोटा हाय! मी दर साली घरनं पायलीनं मोजून न्हेती, तवा मला बरोबर ठावं हाय पोत्यामागं किती खातो त्यो. मला इचारायचं की, भाऊ!"

भाऊ खाली मान घालून म्हणाले, "चुकलं माझं, वैनी. कुणालाच इचारलं न्हाई."

"आता हुबं का तितं? आत या. हिला बी वाढती, तुमाला बी."

ते आत आले. भाकरी त्यांनी उभ्यानंच खाल्ली, पण आईसमोर मान वर करून नाही. जाताना मला म्हणाले, "परीक्षा होस्तवर बंगल्याकडं फिरकायचं न्हाई. पयला तास बुडला तर तंगडं मोडीन."

दोन दिवसांत परीक्षेचा अर्ज भरायचा होता. फोटो नवा लागत होता. ओठाची सूज उतरायची वाट पाहायला वेळ नव्हता, म्हणून तसाच काढला. पहिल्या पेपरला पर्यवेक्षक बाई माझ्या बाकापाशी आल्या, हॉल तिकीट उचललं, फोटोकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा फोटोकडे पाहिलं.

"ही तूच का गं?"

"हो मॅडम," मी म्हणाले, "मीच."

त्यांनी सही केली आणि पुढच्या बाकाकडे गेल्या. मी पेपर उलगडला.